मेंढपाळाचे निमंत्रण आणि काळ

सुख काळाच्या तडाख्यातून सुटते का? ख्रिस्तोफर मार्लोच्या ‘द पॅशनेट शेफर्ड टू हिज लव्ह’ या इंग्रजी कवितेत मेंढपाळाचे ‘होय’ छंदातूनच उमटते. सहा कडवी, ओळीत चार आघात, लागोपाठच्या दोन ओळींना यमक. पहिल्या ओळीतले सहवासाचे निमंत्रण पाचव्या आणि सहाव्या कडव्याच्या शेवटी पुन्हा येते, तेही त्याच यमकाच्या जोडीने. शब्द पुढे सरकतात, काळ मात्र जागीच घुटमळतो. वसंत सरतच नाही. सर वॉल्टर रॅलीची मानली जाणारी प्रत्युत्तराची कविता १६०० साली छापली गेली. तिच्यात छंद, कडव्यांची संख्या आणि अखेरचे यमक तेच. फुले मात्र कोमेजतात, वस्त्रे विरतात. मोहाच्याच लयीत अनित्यता बोलते, म्हणून प्रत्युत्तर अधिक भेदक ठरते.