मागे जाण्याचा हक्क

तोक्योत नोकरी करणारा माझा भाचा फोनवर सहज बोलून गेला, "मामा, इथली ऑफिसं कोरा करकरीत लॅपटॉप घेतात आणि त्यात जुनी विंडोज मारतात. पैसे मोजून म्हातारपण विकत घेण्यातला प्रकार!" तो हसला, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य खुपायला लागलं, कारण माझी सहानुभूती नेमकी त्या ऑफिसांकडे होती.

व्हिस्टा आली तेव्हा आपल्याकडच्या संगणकवाल्याला "हे काढ आणि एक्सपी मारून दे" असं सांगितलं नाही, असा माणूस विरळा. नवी विंडोज जड, प्रिंटर रुसलेला, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेना. हे पुराण सगळ्यांना पाठ आहे. फरक एवढाच, की आपण ते बहुधा कुणाच्या तरी सीडीवरून उरकायचो आणि जपानी माणूस परवान्यातलं कलम दाखवून करायचा. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांना एक्सपी प्रोफेशनलवर उतरायची मुभा होती, विंडोज ८ प्रोला विंडोज ७ वर. मुभा जगभर होती. जपानी कंपन्यांनी ऑफिसांसाठीच्या मॉडेलांच्या वर्णनात ती उघड छापली. 'डाऊनग्रेड हक्क वापरून विंडोज ७ घातलेली आहे' असं, आणि तीही पुष्कळदा ३२ बिटांची. याला कारण आहे: ६४ बिटांच्या विंडोजवर जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत.

इथे मला माझा एक लाडका भेद मांडायचा आहे. जुनं दोन तऱ्हेचं असतं, सवयीचं आणि आधाराचं. सवयीचं जुनं सोडलं की आठवडाभर चिडचिड होते, मग विसर पडतो. आधाराचं जुनं काढलं की त्यावर उभं असलेलं दुसरंच काहीतरी कोसळतं. एनईसीचा पीसी-९८०१ ऑक्टोबर १९८२ मध्ये आला आणि त्या मालिकेच्या ऑर्डरी कंपनीने २००३ पर्यंत घेतल्या. पुढेही कित्येक वर्षं जपानी कारखाने हे संगणक दुरुस्त करून वापरत राहिले, कारण कापणारी, तपासणारी यंत्रं त्यांनाच जोडलेली होती. या लोकांना जुन्याचा पुळका नव्हता. यंत्र चालू राहायला हवं होतं.

हा भेद तारो कोनो यांना मान्य नसावा. ऑगस्ट २०२२ मध्ये डिजिटल मंत्री झाल्याझाल्या त्यांनी फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याआधी शिक्क्यांशी आणि फॅक्सशी त्यांचं वाजलेलंच होतं. २०२४ च्या जूनपर्यंत फ्लॉपीसारखी साधनं सांगणारे १,०३४ नियम रद्द झाले, विजय जाहीर झाला. काम चांगलं होतं, नाकारत नाही. पण जुनं म्हणजे चुकीचं, हा त्यामागचा सूर मला पटत नाही. यामागुची प्रांतातल्या आबु या छोट्या गावाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२२ मध्ये तिथे कोविडच्या मदतीचे ४६३ कुटुंबांचे ४ कोटी ६३ लाख येन एकाच माणसाच्या खात्यात गेले. गावाने बँकेला फ्लॉपी दिली होती हे कळल्यावर सारा जपान फ्लॉपीला हसला. वास्तविक फ्लॉपीवरची यादी बरोबर होती. चूक झाली ती त्यानंतर बँकेला गेलेल्या कागदी मागणीपत्रात. शिक्षा मात्र फ्लॉपीला.

थोडं विषय सोडून. माझा भाचा राहतो त्या निशिकासाईत भारतीयांची वस्ती वाढली ती वाय-टू-केच्या सुमारास, जुने प्रोग्रॅम निस्तरायला आलेल्या इंजिनिअरांमुळे. त्या 'कासाई'तलं पहिलं चिन्ह म्हणजे एका वेलीचं नाव, आणि त्याची दोन रूपं आहेत. एकात खालच्या कोपऱ्यात काताकाना लिपीतल्या 'हि'सारखी खूण असते, दुसऱ्यात 'माणूस' या चिन्हाचे दोन पाय. एक्सपीपर्यंत पडद्यावर पहिलं रूप दिसे. २००४ च्या जपानी मानकाने १६८ चिन्हांची नमुनारूपं बदलली, व्हिस्टाने ती उचलली आणि दुसरं रूप दिसायला लागलं. आतला क्रमांक तोच, चेहरा निराळा. याच चिन्हाने लिहिल्या जाणाऱ्या तोक्योच्या कात्सुशिका प्रभागाला यामुळे त्याचं अधिकृत, पायांचं रूप मिळालं. नारा प्रांतातल्या कात्सुरागी शहराचं नेमकं उलट झालं. दोन गावं एकत्र करून ऑक्टोबर २००४ मध्ये हे शहर स्थापन झालं आणि त्याने नावासाठी त्या वेळी संगणकावर दिसणारं 'हि'चं रूप अधिकृत धरलं. दोन-अडीच वर्षांत विंडोजने तेच बदललं. म्हणजे एक्सपी घाला की व्हिस्टा, दोहोंपैकी एकाच्या पाटीवरचं अक्षर चुकणारच! मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले, तरी कित्येक पडद्यांवर आपल्याला हिंदी वळणाचेच दिसत राहिले.

कात्सुरागीच्या कारकुनाने एक्सपीवर परतायचं ठरवलं, तर मी त्याचीच बाजू घेईन, असं मला वाटत होतं. मग लक्षात आलं, की त्याला एक्सपी नकोच होती, त्याला एक अक्षर हवं होतं. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टासाठी जुन्या रूपांच्या फाँटचं वेगळं पॅकेज दिलं होतं आणि एक्सपीवाल्यांसाठी नव्या रूपांचं. एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खी विंडोज उतरवायची गरज नव्हती.

तेव्हापासून या हक्काकडे मी जरा संशयाने पाहतो. व्हिस्टा विकत घेऊन एक्सपी चालवणाऱ्याच्या नावावर विक्री व्हिस्टाचीच लागते. बंडखोराचे पैसे गल्ल्यात आधीच जमा. आणि मुदत काही वाढत नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याच्या आठवडाभर आधी जपानचा उपभोग कर ५ वरून ८ टक्के झाला. या दुहेरी घाईत त्या आर्थिक वर्षात १ कोटी २० लाखांहून जास्त संगणक बाजारात गेले. त्यातल्या ज्यांनी विंडोज ८ चे पैसे मोजून ७ घातली, त्यांची मुदत १४ जानेवारी २०२० ला पुन्हा भरली. त्याआधीच्या ऑक्टोबरात कर १० टक्क्यांवर गेलाच होता. तीच रांग, तीच घाई.

शिवाय नवं यंत्रही जुन्याला आत घेईनासं झालं. २०१५ नंतरच्या इंटेलच्या बोर्डावर विंडोज ७ ची डीव्हीडी घाला: निळसर पडदा येतो, भाषा विचारली जाते, आणि माऊसचा बाण जागचा हलत नाही. कीबोर्डही मुका. त्या डीव्हीडीत नव्या यूएसबीचा ड्रायव्हरच नाही. मग जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड शोधा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर बसून डीव्हीडीत ड्रायव्हर कोंबा. कारखानदाराने हे केलं तर समजू शकतो. नुसत्या सवयीपायी जो करेल, त्याच्याबद्दल भाचा म्हणाला ते खरंच आहे.

कोनो यांना आबुच्या फ्लॉपीबद्दल मी अजून माफ केलेलं नाही. पण कात्सुरागीच्या बाबतीत पुढे जाणारेच बरोबर निघाले. एकाच चिन्हाची दोन्ही रूपं एकाच मजकुरात शेजारी-शेजारी लिहायची सोय युनिकोडने केली: अक्षरामागे एक अदृश्य खूण टाकायची आणि हवं ते रूप मागायचं. विंडोज ८ मध्ये ती थेट चालते. आपल्या गावाचं अक्षर वाचवायला जे एक्सपीवर थांबले, त्यांना आपलं अक्षर मिळालं; कात्सुशिकाचं मात्र ते चुकीचंच छापत राहिले.