दुसऱ्याचं कर्म आपण अर्पण करू शकतो का?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥

आजचं चिंतन : गीता, अध्याय ९, श्लोक २७



कालच्या श्लोकात पान, फूल, फळ, पाणी होतं. आज भगवंत पुढे जातात. जे करशील, जे खाशील, जे होमात घालशील, जे देशील, जे तप करशील, ते सगळं मला अर्पण कर, असं ते अर्जुनाला सांगतात. पाच क्रियापदं, आणि पाचही द्वितीय पुरुषी एकवचनी. शाळेत हे पुरुष-वचन घोकताना जीव नकोसा व्हायचा. पण आज मला लिहायचंय ते नेमकं त्या एकवचनाबद्दलच.

आई गेली त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. वाईत आमचा केटरिंगचा घरचा धंदा. बोर्डावर नाव अण्णांचं, ऑर्डर घेणं आणि हिशोब अण्णांचा, बाकी सगळं आईचं. मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, साठीशांती. माघ-फाल्गुनात घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव सुरू झाले की कुठल्या ना कुठल्या महाप्रसादाचं काम असायचंच. शंभर पानांना तांदूळ किती, डाळ किती, चिंच-गूळ किती, हे तिला तोंडपाठ. पहाटे चारला काहिलीखाली जाळ लागायचा, आणि तिची ज्ञानेश्वरी तेवढा वेळ कपाटात असायची.

तेराव्याला आलेले सगळे एकच म्हणत होते, ‘वहिनींचं काम हीच त्यांची पूजा होती.’ खोटं नव्हतं ते. तरी मला ते वाक्य टोचलं. म्हणणारे सगळे तिच्या हातचं जेवलेले होते, म्हणून असेल कदाचित.

आधी एक शंका बाजूला करू. पैसे घेऊन केलेलं काम अर्पण कसं होणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तिसऱ्या अध्यायात स्वतःपुरतंच शिजवणाऱ्यांना भगवंतांनी चांगलंच सुनावलंय, ते आपण पाहिलंय. केटरर तर स्वतःसाठी शिजवतच नाही, शिजवतो दुसऱ्यांसाठीच, पण दर ठरवून. मग तो कुठे बसतो? याचं उत्तर वाईतच आहे. विनोबा १९१७ च्या सुमारास आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईला आले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे (पुढे तेच केवलानंद सरस्वती झाले) उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकले. त्याच काळात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वाचनालय काढलं आणि त्याच्या खर्चासाठी मुलांना घेऊन लोकांचं दळण दळून दिलं. दोन शेरांना एक पैसा. दिवसा शांकरभाष्य आणि वर दळणाचा दर! पैसा घेतल्यानं ते जातं बाटलं असं मला तरी वाटत नाही. मोबदला आला म्हणून अर्पण मोडत नाही. तो कोणाच्या कष्टाचा आणि कोणाच्या हाती जातो, हे मात्र पाहावं लागतं.

विनोबांचीच आणखी एक आठवण, त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची. ही मला फार आवडते, कारण तिच्यात एक इंजिनिअर आहे. देवाला लाख तांदूळ वाहायचे म्हणून त्या माऊली एकेक दाणा मोजत बसायच्या. वडिलांनी सुचवलं, एक तोळा तांदूळ घे, त्यातले दाणे मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, कमी पडू नये म्हणून वर थोडे जास्त घाल. आमच्या धंद्यातला कुणीही हेच सांगेल : सॅम्पल घ्या, गुणा, मार्जिन ठेवा. त्यांनी विन्याला विचारलं. तो म्हणाला, हे गणित नाहीये, एकेका दाण्याबरोबर देवाची आठवण व्हावी म्हणून हे मोजणं आहे.

आमच्या आईला दोन्ही जमायचं. गिऱ्हाइकाचे तांदूळ ती विनोबांच्या वडिलांसारखे मापायची, काट्यावर, थोडे जास्तीचे धरून. पण पहिल्या पातेल्यातला वाटीभर भात, वर वरण आणि तुळशीचं पान असा नैवेद्य कुणी चव बघायच्या आधी बाजूला निघायचा. म्हणजे मीठ सगळं अंदाजानं. कार्य पाचशे पानांचं असलं तरी हे चुकलं नाही. आचारी वैतागायचे, आधी चाखून बघितलं तर बिघडलं काय! ती नुसती हसायची आणि नैवेद्य झाला की त्यांच्याच हातात पळी द्यायची, ‘आता तुम्ही सांगा.’

आता मूळ मुद्दा. एका मोठ्या महाप्रसादाचं काम ठरत होतं. आलेल्या मंडळींपैकी एक जण म्हणाले, ‘वहिनी, देवाचं काम आहे, पैसे कसले घेता?’ अण्णा गप्प. अशा वेळी नाही म्हणणं गावात अवघडच असतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘माझ्या हाताचे सोडते. त्यांच्या हाताचे मी कशी सोडू?’ ‘त्यांच्या’ म्हणजे पुऱ्या लाटणाऱ्या बायका, वाढपी, भांडी घासणाऱ्या मावशी. सामान खरेदीच्या भावानं धरलं, सगळ्यांची मजुरी पूर्ण लावली, आमचा नफा शून्य. काम झालं.

मला वाटतं, नवव्या अध्यायातलं ते एकवचन तिला व्याकरण न शिकता कळलं होतं. तू जे करशील ते अर्पण कर, असं भगवंत म्हणतात. तुझ्याकडे कामाला असलेली बाई जे करेल ते तू अर्पण कर, असं म्हणत नाहीत. भांडी घासणाऱ्या मावशींची मजुरी देवाला वाहायचा अधिकार मावशींना आहे, मालकिणीला नाही. मालकिणीनं ती वाहिली तर त्याला अर्पण म्हणत नाहीत, सरळ बुडवणं म्हणतात.

हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर आपलं ऑफिस आठवा. रिलीजच्या आदल्या रात्री अकराला कुणीतरी ग्रुपवर गीतेतला तो सगळ्यांना पाठ असलेला श्लोक टाकतो, फळाची आशा नको म्हणून. टाकणाऱ्याचं अप्रेझल झालेलं असतं! श्लोक खराच आहे, पण तो आतून आपला आपल्याला म्हणायचा असतो. वरून खाली ढकलला की त्याचं नुसतं हत्यार होतं. घरातही तेच. ‘हिला स्वयंपाकातच आनंद’ हे वाक्य पानावर बसलेल्याच्या तोंडी असेल तर जरा थांबून ऐकावं.

मग दुसऱ्याची भक्ती आपल्याला कळतच नाही का? कळते, पण त्यानं ज्या बारीकसारीक गोष्टी स्वतःहून केल्या त्यांतूनच. पंगती आटोपल्या की आमच्याकडे कामाच्या लोकांसाठी पुऱ्यांचा ताजा घाणा निघायचा. परातीत उरलेल्या पुऱ्या असायच्या, तरीसुद्धा. पाय सुजलेले, कढईचा जाळ विझत आलेला, आणि ही पुन्हा तेल तापवणार. हे कुठल्याही बिलात नव्हतं आणि कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या पूजेचा पुरावा मागितला तर मी हा घाणा दाखवीन. पाचशे पानं दाखवणार नाही. त्यातली बरीचशी कर्जाच्या हप्त्यासाठी आणि माझ्या फीसाठी होती, आणि कित्येकदा ती स्वच्छ म्हणायची, ‘आज कंटाळा आलाय रे मला.’ कंटाळा आलेल्या माणसाला ‘ही तुझी पूजा आहे’ असं सांगायची हिंमत माझ्यात नाही.

एक गोष्ट मात्र राहून जात होती. तिला ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण बसून करायचं होतं. गावात पारायणाचा सप्ताह असला की त्याच्या जेवणाचं काम आमच्याकडे, म्हणजे मंडपात ओव्या चाललेल्या आणि ही मागे मसालेभाताला वाफ आणतेय. ऐकू यायचं तेवढं ऐकायचं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिनं एका पौषात ठरवलं. पौषात लग्नं नसतात, धंदा थंडच. पण नेमकी त्याच आठवड्यात एका सेवानिवृत्तीच्या समारंभाची मोठी ऑर्डर चालून आली. अण्णा म्हणाले, ‘अगं, तूच तर म्हणतेस काम हीच पूजा.’

‘मी म्हणते,’ आई म्हणाली. ‘तुम्ही नाही म्हणायचं.’

मी सुट्टीवर घरी होतो, चहा पीत होतो. त्या वेळी मला ते नुसतं नवराबायकोचं बोलणं वाटलं. आज हा श्लोक घेऊन बसलो की अठराव्या अध्यायाची आठवण येते. एवढं सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्यांनी अर्पण मागितलं त्यांनीसुद्धा ते काढून घेतलं नाही, हात पुढे करून थांबले. मग आपण कोण?

ऑर्डर अण्णांनी दुसऱ्या केटररकडे वळवली. थोडे नाराज होते, दोन दिवसांनी तेही तिच्याजवळ ऐकायला बसायला लागले. सात दिवस आई सकाळी आंघोळ करून देवघरासमोर बसायची आणि स्वयंपाकघराकडे ढुंकून बघायची नाही. आम्ही काय खाल्लं ते विचारू नका. समाप्तीच्या दिवशी मात्र नैवेद्याचा शिरा तिनं स्वतः केला. घरात माणसं चारच, पण चार माणसांचा अंदाज तिला राहिलाच नव्हता. पातेलंभर झाला. मग संध्याकाळपर्यंत मी सायकलवर डबे घेऊन अख्ख्या आळीत शिरा वाटत होतो, आणि ती दारात उभी राहून कोणाकडे राहिला ते मोठ्यांदा सांगत होती.

उद्या श्लोक २८.

राम कृष्ण हरी.