वृद्ध सैनिकाचे ताट आणि त्याचे हात

ज्याने तारुण्यात देशाचे रक्षण केले त्याला म्हातारपणी कसे वागवावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. परंतु तो जेवणाच्या ताटापाशी आला म्हणजे अवघड होतो. कोणाचे गुडघे धरले आहेत, कोणाचा एक हात अर्धांगाने गेला आहे, कोणी जुन्या जखमेमुळे चाकांच्या खुर्चीस खिळला आहे. अशा माणसाला काय वाढावे? त्याला आवडेल ते, की मानवेल ते? ह्या दोहोंविषयी घरोघरी वाद होतात. परंतु तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाही. त्याला आपले अन्न आपल्या हाताने करावयास आपण का शिकवू नये? त्याच प्रश्नाचा विचार आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आपल्या गावांस परका नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्यास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ पुरुष कामी आले. असे एखादे गाव सोडले तरी, घाटावरच्या कितीतरी खेड्यांत माजी सैनिकाचे घर आहेच. १९६५ च्या युद्धात जो विशीत होता तो आज ऐंशीच्या आसपास आहे. १९७१ चा तरुण जवानही पंचाहत्तरीला टेकला आहे. सरकारने २००३ साली माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना सुरू केली, व तिच्या दवाखान्यांतून त्यांस औषध मिळते, ही चांगली गोष्ट आहे. तथापि गोळी दवाखान्यात मिळते आणि ताट घरी वाढले जाते. रक्तदाब व मधुमेह ह्यांचा निकाल पुष्कळसा त्या ताटावरच लागतो.

घरच्यांची मते दोन असतात. एक पक्ष म्हणतो, “त्यांनी जन्मभर सोसले, आता चार दिवस राहिले आहेत, त्यांना हवे ते खाऊ द्या.” दुसरा पक्ष डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करून म्हणतो, “मीठ बंद, गूळ बंद, तळलेले बंद.” पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात काळजी आहे, दोन्हींस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु दोन्हींत एक उणीव सारखीच आहे. पहिला पक्ष म्हाताऱ्याला पाहुणा समजतो, दुसरा त्याला लेकरू समजतो. ज्याने आपल्या हाती दिलेली चौकी सांभाळली, त्याच्या स्वतःच्या अन्नाचा कारभार मात्र त्याच्या हाती द्यावा असे दोघांनाही सुचत नाही.

आता त्या शिपायाची बाजू पाहावी. पलटणीत असताना तो मैलोगणती चालला, ओझी वाहिली, खंदक खणले. लंगरात त्याला भरपूर पोळ्या, डाळ, भात, तूप व गोड चहा मिळे, आणि तो सर्व त्याच्या अंगी लागे. घरी आल्यावर आईने वाढले, मग बायकोने वाढले. चूल पेटविण्याचे शिक्षण त्याला कोणीच दिले नाही. पुढे पाय थांबले. परंतु भूक व सवय थांबली नाही. ताट चालणाऱ्याचे राहिले आणि शरीर बसणाऱ्याचे झाले. अशाने वजन वाढते, वजनाने गुडघे अधिक दुखतात, गुडघ्यांमुळे हालचाल आणखी कमी होते. ह्या फेऱ्यात किती मनुष्ये सापडली आहेत हे आपण पाहतोच. कँटीनच्या बाटलीची त्यात भर पडली तर बोलावयासच नको. आणि बायको आधी गेली, म्हणजे तोच मनुष्य उलट बाजूस पडतो. चहा व बिस्किटे ह्यांवर दिवस काढतो, आणि दंडाचे मांस झडू लागते.

म्हातारपणी एकंदर अन्न कमी लागते, म्हणून सर्वच कमी करावे असे नव्हे. उतारवयात स्नायू झिजतात; त्यांस सावरणारे प्रथिन तरुणापेक्षा किंचित जास्तच लागते. वजनाच्या दर किलोस रोजी १ ते १.२ ग्रॅम असे आहारशास्त्रज्ञ सांगतात, म्हणजे साठ किलोच्या मनुष्यास ६० ते ७२ ग्रॅम. ज्यांच्या मूत्रपिंडास विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून हे प्रमाण धरू नये. हे प्रथिन मिळविण्यास श्रीमंती लागत नाही. मटकीची उसळ, पिठले, डाळ, ताक, अंडे, सुकट ही आपल्याच घरातली आहेत. भाकरी एक कमी करून वाटीभर उसळ जास्त घ्यावी, इतकाच तो पालट आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचाभर, असावे; ठेचा, लोणचे व पापड ह्यांतले मीठ कोणी मोजीत नाही, आणि तेथेच ते वाढते. म्हाताऱ्याला तहान कमी कळते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. जो सदा बसून असतो त्याच्या आतड्यांस चोथा हवा, म्हणून भाजी व कोंड्यासकटचे पीठ हवे.

परंतु हे सर्व सांगून भागत नाही. नुसते सांगितलेले तो विसरतो. आपल्या हाताने शिजविलेले त्याच्या लक्षात राहते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी जे सरकारी खाते आहे, त्याच्या रुग्णालयांतून हे ओळखून स्वयंपाकाचे वर्ग चालविले जातात. तेथे आहारतज्ज्ञ व्याख्यान देऊन थांबत नाहीत. प्रत्यक्ष रांधून दाखवितात, आणि शिपायाकडून रांधवून घेतात. ज्यांस घराबाहेर पडवत नाही त्यांस चित्रफोनवरून, त्यांच्याच स्वयंपाकघरात, शिकविले जाते. त्या देशाचे अन्न वेगळे व साधने वेगळी आहेत. परंतु त्यातील विचार आपण घेण्याजोगा आहे. तो असा की, अपंग मनुष्यास अन्न पोहोचविणे हे चांगले. त्याचा हात अन्नापर्यंत पोहोचविणे हे त्याहून चांगले.

हात पोहोचविण्यास युक्ती लागते, पैसा थोडाच लागतो. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याला विळीवर बसवू नये. टेबलाशी खुर्ची देऊन सुरी द्यावी. एकच हात चालत असेल तर लाकडी फळीस खालून दोन न गंजणारे खिळे मारावे, व वर आलेल्या टोकांवर कांदा रोवून कापावा. फळी सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. सुरीची मूठ धरवत नसेल तर तिला कापड गुंडाळून जाड करावी. रोजचे डबे कमरेच्या व खांद्याच्या मध्ये ठेवावे, म्हणजे वाकणे नको व चढणे नको. चाकांच्या खुर्चीसाठी ओट्याखाली गुडघे शिरतील इतकी मोकळी जागा ठेवावी. एक गोष्ट मात्र जपून सांगतो. मणक्याच्या दुखापतीने ज्याचे पाय बधिर झाले आहेत, त्याने गरम भांडे कधीही मांडीवर घेऊन जाऊ नये. कातडी भाजते आणि त्याला कळतही नाही. आणि अशी जखम भरून येण्यास महिने लागतात.

येथे कोणी म्हणेल, “ज्याने बंदूक धरली त्याला कांदा चिरावयास बसविणे हा अपमान नव्हे काय?” आम्ही उलट विचारतो, ज्या कामाने घर जगते ते हलके कसे? पलटणीतला लांगरीही गणवेषच घालतो, आणि त्याच्यावाचून पलटण दोन दिवस उभी राहत नाही. चुलीचे काम हलके मानण्याच्या ह्या समजुतीने पुरुषाला परावलंबी केले, आणि त्याचे ओझे मुकाट्याने बायकांच्या माथी घातले. म्हाताऱ्या सैनिकाची म्हातारी बायकोही थकलेली असते. तिचे गुडघे कोणी मोजीत नाही.

दुसरा म्हणेल, “ह्या वयात काय शिकणार?” सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. तरी त्यांनी पोहण्याचा अभ्यास केला आणि १९७२ साली जर्मनीत अपंगांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. सर्वांनी पदके मिळवावी असे आम्ही म्हणत नाही, आणि पेटकर तेव्हा तरुण होते हेही खरे. परंतु शिस्तीने रोज थोडे थोडे शिकण्याची जी सवय पलटणीने लावली, ती पायांबरोबर जात नाही. मोजून मीठ घालणे व घड्याळ लावून डाळ शिजविणे शिपायाला इतरांपेक्षा सोपेच जावे.

मात्र एक सावधगिरीची सूचना येथेच दिली पाहिजे. शिकविणे हे टाकून देण्याचे निमित्त होऊ नये. “तुम्हांला आता करता येते, तुमचे तुम्ही पाहा,” असे म्हणून जो मुलगा मोकळा होतो, त्याने शिकविले नाही, हात झटकले. ज्याचे दोन्ही हात गेले, ज्याची स्मृती गेली, त्याला भरविणे हाच धर्म आहे, व त्यात कमीपणा नाही. आणि जो शिकला त्यालाही जेवावयास सोबत लागते. एकट्याने खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हे आपल्या बायाबापड्यांस पुस्तकावाचून ठाऊक आहे. शिकूनसवरून, सर्व समजून उमजून, एखाद्या सणाला त्याने पुरणपोळी मागितली तर ती आनंदाने वाढावी. जो स्वतः माप धरतो त्याला कधी माप सोडावे हेही ठरविण्याचा अधिकार आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या गावी असा एखादा वृद्ध जवान असेल तर त्याच्याकडे डबा जरूर न्या. पण डबा ठेवून परतू नका. आठवड्यातून एक दिवस त्याच्या ओट्याशी बसा, कांदा त्याच्या हाती द्या, आणि उसळीला फोडणी त्यालाच घालू द्या. पहिली उसळ करपेल, दुसरी अळणी होईल. तिसरी तो तुम्हांलाच वाढील. आपण वाढलेले खाणारा मनुष्य तृप्त होतो खरा. परंतु आपण रांधलेले दुसऱ्यास वाढणारा मनुष्य पुन्हा घरातला कर्ता होतो. वृद्ध सैनिकाचे आपण जे देणे लागतो, त्यात हा मानही धरावा.