चुलीत गेलेली प्रमाणपत्रं

मराठी मध्यमवर्गीय घराच्या कपाटात एक फाइल हमखास असते. गुणपत्रिका, पदवी, नेमणुकीचं पत्र. घरात पाणी शिरलं तर आधी ती उचलली जाते. बडोद्यात राहणाऱ्या विनायक नरहर भावे या कॉलेजातल्या मुलाने मात्र आपली प्रमाणपत्रं आईच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. तुला नको असतील, पण ठेवायला काय हरकत होती, असं रुक्मिणीबाईंनी विचारलं. पुढे कधी नोकरीचा मोह व्हायलाच नको, अशा अर्थाचं उत्तर मुलाने दिलं. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला.

आईचा प्रश्न व्यवहाराचा होता आणि आजही घराघरांत तोच विचारला जाईल. ठेवायला काय हरकत? हरकत ही, की जपून ठेवलेली प्रत्येक वस्तू माघारी फिरायची वाट उघडी ठेवते. हप्त्यांवरचं घर, शेजाऱ्यापेक्षा मोठी गाडी, व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा यांची किंमत माणूस पैशांत मोजतो. खरी किंमत वेगळीच असते: पटत नसलेल्या कामाला नाही म्हणायची हिंमत त्यांच्यापायी गहाण पडते. पुढे विनोबा म्हणून ओळखल्या गेलेल्या विनायकाने विशीतच परतीचे दोर कापून टाकले.

1950 च्या सुमारास पवनारच्या आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. देणग्यांचा पैसा घ्यायचा नाही, स्वतःच्या हातांनी पिकवायचं आणि तेच खायचं. कुदळीने जमीन खणली गेली, विहीर खोदली गेली. रहाटाला बैल न जुंपता माणसंच तो फिरवत. पंचावन्नीतले, पोटाच्या दुखण्याने बेजार असलेले विनोबाही या कामात होते. 1951 च्या मार्चमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी जायचं ठरलं, तेव्हा ते रेल्वेने न जाता सरळ पायी निघाले.

संमेलनानंतर तेलंगणातून फिरताना 18 एप्रिलला ते पोचमपल्लीला पोहोचले. गावातल्या भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. जन्मभर सोडत आलेल्या माणसापुढे ज्यांच्याकडे सोडण्यासारखं काहीच नव्हतं अशी माणसं उभी होती, आणि ती मालमत्ता मागत होती. एखाद्या वैराग्यवाद्याने त्यांना संतोषाचा उपदेश केला असता. विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारलं, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूमिहीनांसाठी जमीन दान मागणाऱ्या भूदान चळवळीची सुरुवात इथे झाली.

साध्या राहणीच्या आजच्या गप्पांत नेमकी हीच गोष्ट निसटते. भरलेलं कपाट रिकामं करणाऱ्याला मोकळं वाटतं, पण शेतमजुराला मोकळं करतो तो नावावर झालेला जमिनीचा तुकडा. त्यागाचा उपदेश ज्याच्याकडे आहे त्यालाच करावा, एवढं तारतम्य पोचमपल्लीत पाळलं गेलं.

वस्तू सोडणं त्यातल्या त्यात सोपं. मानमरातब, अनुयायी, आपण उभारलेली संस्था हे सोडताना भले भले अडखळतात. 1956 पर्यंत भूदानाचं जाळं देशभर पसरलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या होत्या आणि गांधी स्मारक निधीतून पैसा येत होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूतल्या पळणीला विनोबांनी निधीची मदत आणि समित्या दोन्ही सोडायचं ठरवलं. चळवळ लोकांची असेल तर ती पगारी यंत्रणेवर चालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

या निर्णयाची किंमत जबर होती. कित्येक जिल्ह्यांत काम थंडावलं. दानात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली होती, पण त्यातली बरीच खडकाळ किंवा वादातली निघाली आणि वाटप फार मागे राहिलं. समित्या टिकल्या असत्या तर काही भूमिहीनांच्या हाती जमीन लवकर आली असती, हे मान्य करायलाच हवं. प्रमाणपत्रं जाळली तेव्हा नुकसान झालं असतं तर एकट्या विनायकाचं झालं असतं. समित्या सोडल्या तेव्हा झळ त्यांनाही बसली, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं. विनोबा मात्र चालत राहिले आणि 1964 च्या एप्रिलमध्ये पवनारला परतले.