दम किती काढायचा?

आमच्याकडं माणसाची किंमत त्यानं किती सोसलं यावरून ठरते. मयताला जमलेल्या बाया "लई सोसलं बघा तिनं" म्हणल्या की त्या बाईच्या जन्माचं सोनं झालं असं समजतात. त्यात आपल्या भाषेची गंमत अशी, की श्वासालाही दम म्हणायचं आणि धीरालाही दमच. 'जरा दम काढ' म्हणजे धीर धर. 'दम लागला' म्हणजे श्वास पुरेना. मग ज्याला श्वासच पुरत नाही त्यानं दम किती काढायचा? माझ्या थोरल्या बहिणीकडं बघून हा प्रश्न मला पडला.

अक्काला लोहारा तालुक्यात दिली आहे. तिचा दमा पंचवीस वर्षांचा जुना. शेजारच्या रानात सोयाबीनचं मळणी यंत्र लागलं की इकडं तिची छाती वाजायला लागते. कडब्याची धूळ, ओल्या जळणाचा धूर, भरून आलेलं आभाळ, कशानंही दम उठायचा. मग अंथरुणात उठून बसायचं, कोपरं गुडघ्यावर टेकायची आणि तशीच पहाट करायची.

गावातले डॉक्टर माणूस म्हणून लाखात एक. रात्री दोनला पोरगं हाक मारायला गेलं तरी मोटारसायकल काढून येणार, सुई देणार, पैशाचं सुगीला बघू म्हणणार. दाजी वारले तेव्हा त्यांनी खांदा दिला. पण सुईनं आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. भाचा म्हणाला, "आई, दुसरीकडं दाखवू." तर अक्का म्हणली, "ज्यानं इतक्यांदा जीव वाचिवला त्याला सोडून दुसऱ्याच्या दारात जाऊ व्हय? त्याला काय वाटंल?"

शहरातल्या माणसाला हे खुळेपण वाटेल. मला तसं वाटत नाही. शहरात डॉक्टर बदलणं म्हणजे दुकान बदलणं. खेड्यात तोच माणूस उद्या पारावर भेटणार, लग्नात पंगतीला शेजारी बसणार, आणि पुन्हा रात्री दम लागला तर हाकही त्यालाच मारायची. उपकाराची जाण ठेवणारी माणसं आहेत म्हणून तर गाव चालतं. तेव्हा अक्काचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्या उपकाराची फेड ती श्वासानं करत होती, आणि डॉक्टरांनी तर ती कधी मागितलीच नव्हती.

आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं हैदराबादची वाट आम्हाला जुनी. मृग निघतो तेव्हा तिथं बथिनी घराण्याची माणसं दम्याच्या रोग्यांना एक औषध देतात. बोटाएवढी जिवंत मरळ, तिच्या तोंडात पिवळं औषध, आणि ती मासळी तशीच गिळायची. पैसा घेत नाहीत. त्यात काय असतं ते घराण्याबाहेर कुणाला सांगत नाहीत, आणि त्यानं दमा जातो हे कुणी तपासून सिद्ध केलेलं नाही. दाजींनी अक्काला तीन वर्षं लागोपाठ नेलं होतं. मी त्याची टिंगल करणार नाही. श्वासाला तरसलेला माणूस काय करील सांगता येत नाही. नवल एवढंच वाटतं, की रातभर प्रवास करून जिवंत मासळी गिळणारी बाई गावातल्या डॉक्टरांना "मला फरक का पडंना?" एवढं विचारायला लाजत होती. मासळी गिळताना कुणाचं मन दुखत नाही. प्रश्न विचारला की दुखतं.

दम धरायचा तर कुठं धरायचा, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. मोठी माणसं खडी फोडत होती, आम्ही पोरं सुकडी खात होतो. तिथं दम धरण्यावाचून इलाज नव्हता, आभाळाला कोण जाब विचारणार? पण विहिरीवरची मोटार बंद पडली तर कुणी दम धरत बसत नाही. एक मिस्त्री जमला नाही तर दुसरा आणतो, आणि पहिल्याचा त्यात अपमान झाला असंही कुणी म्हणत नाही. माणसाच्या छातीला मोटारीइतका तरी मान असावा.

विचारण्यानं काय होतं ते सांगतो. 1955 साली अमेरिकेत औषधाच्या कंपनीचे प्रमुख असलेल्या जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या नाजूक फवाऱ्यानं औषध ओढून ती कंटाळली होती. केसांवर मारायचा फवारा डब्यातून येतो, मग माझं औषध तसं का नाही, असं तिनं बापाला विचारलं. पुढच्याच वर्षी, 1956 ला, पंप बाजारात आला. पोरीनं गपगुमान सोसलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

भाच्यानं अखेर अक्काला धाराशिवला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. मी बरोबर होतो. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा दम आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? रात्री त्यानं जाग आली का? दम मोडायचं औषध आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागलं का? कामं अडली का? चारही प्रश्नांना अक्कानं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, म्हणजे तुमचा दमा ताब्यात नाही." पंचवीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं. दमा म्हणजे असाच असतो, असं ती धरून चालली होती.

त्यांनी समजावलं. श्वासाच्या नळ्या आतून सुजतात. दम मोडणारं औषध नळी तेवढ्यापुरती मोकळी करतं, सूज तशीच राहते. सूज उतरवायचा पंप रोज, बरं वाटत असतानाही घ्यायचा, गुण यायला काही आठवडे लागतात. सवय लागंल या भीतीनं अक्का पंपाला हात लावत नव्हती. औषध थोडंसं आणि थेट छातीत जातं, तेच स्टिरॉइड गोळ्या-सुयांनी वरचेवर घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे तिला तिथं कळलं. पंप नळकांड्यातून कसा ओढायचा ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं, मागून चूळ भरायला सांगितली.

दमा गेला नाही. मळणीच्या दिवसांत अजून त्रास होतो, आणि महिन्याच्या पंपाचा खर्च भाच्याला जाणवतो. पण अक्का रात्री आडवी होऊन झोपते. आता धाराशिवला 2022 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी दर वेळी सोलापूर-लातूरच गाठायला पाहिजे असं राहिलेलं नाही.

आल्यावर अक्कानं तो कागद गावातल्या डॉक्टरांना स्वतः नेऊन दाखवला. त्यांचा चेहरा जरा उतरला, खोटं कशाला सांगू. पण वाचून त्यांनी घडी करून परत दिला आणि म्हणाले, "रात्री काही झालं तर हाक मारा." हुरड्याला अक्कानं पहिलं निमंत्रण त्यांनाच दिलं. उपकार फेडायचा तर असा फेडावा.

तुमच्या घरात कुणी रात्री अंथरुणात बसून पहाट करत असेल, तर आठवड्यात किती रात्री ते मोजा, आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. ते म्हणाले, चालायचंच, तर दुसऱ्याला सांगा.