दुपारच्या सुट्टीतलं जहांगीर

कोल्हापूर

चि. मनीस,

तुला फोर्टात नोकरी लागली हे ताईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पगाराच्या आधी ऑफिसचा पत्ता विचारला. हुतात्मा चौकाजवळ आहे म्हणाली. म्हणजे काळा घोडा तुला चालत दहा मिनिटांवर. चित्रं पाहायला याहून चांगला पत्ता मुंबईत नाही.

तू यंदाच्या प्रदर्शनांची यादी मागितलीस. ती मी पाठवत नाही. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं दर मंगळवारी बदलतात. यादी तुझ्या हातात पडेपर्यंत निम्मी दालनं रिकामी होऊन पुन्हा भरलेली असतील. आणि यादी घेऊन फिरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती एका रविवारी पाच ठिकाणं उरकतात आणि सोमवारी त्यांना एकही चित्र आठवत नाही. तुझ्याकडे त्यांच्याकडे नसलेली गोष्ट आहे: रोजची जेवणाची सुट्टी. तिच्यावर माझा सगळा भरवसा आहे.

जहांगीरपासून सुरुवात कर. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती १९५२ साली उभी राहिली. दारावरचं काँक्रीटचं लाटेसारखं छत तू बाहेरून पाहिलं असशीलच. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडी असते, तिकीट नाही. मंगळवारी उद्घाटनं असतात. त्या संध्याकाळी जाऊ नकोस, चित्रांपुढे माणसांच्या पाठी असतात. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी जा.

आत गेल्यावर दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक माणूस दिसेल, बहुधा थोडा अवघडलेला. तो चित्रकार. नांदेडचा असेल, सोलापूरचा, फोंड्याचा किंवा थेट इंदूरचा. या भिंती मिळाव्यात म्हणून त्यानं अर्ज करून कित्येक वर्षं वाट पाहिलेली असते. भाडं भरलेलं असतं, चित्रं टेम्पोत घालून आणलेली असतात, रात्री कुणा ओळखीच्याकडे पथारी टाकलेली असते. आणि ज्यानं चित्र काढलं तो चित्राशेजारी सात दिवस बसून असतो. मोठमोठ्या संग्रहालयांत तुला हे मिळणार नाही. त्याच्याशी बोल. पण आधी चित्रं पाहा, मग बोल. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नकोस. तो दचकतो आणि पत्रकात छापलेली वाक्यं म्हणून दाखवतो. हा निळा कशावर चढवलाय, खाली आधी कुठला रंग होता, चाकूनं लावला की ब्रशनं, हे विचार. मग त्याचे डोळे कसे उजळतात ते बघ. निघताना अभिप्रायाच्या वहीत ‘खूप सुंदर’ लिहून सही ठोकू नकोस. कुठलं चित्र आणि त्यातलं काय, तेवढं एका ओळीत लिही. घरी गेल्यावर तो ती वही पहिल्या पानापासून वाचतो.

आता पाहायचं कसं. दालनात एक फेरी न थांबता मार. कुठलं तरी एक चित्र मागे वळून पाहायला लावेल. तिथे परत जा आणि दहा मिनिटं उभी राहा. आधी लांबून, नजर सगळ्या चौकटीवर फिरू दे. मग जवळ जा, रंगाचा थर, कॅनव्हासचा पोत, कडेला चित्रकारानं हात कुठे सैल सोडला ते बघ. तैलचित्रावर दिव्याची चकाकी येत असेल तर बाजूला सरक. शेजारची पाटी सगळ्यात शेवटी वाच. अर्धा तास संपतो. बाकीची चित्रं राहिली म्हणून हळहळू नकोस. दोन दिवसांनी त्याच चित्रापुढे पुन्हा जा. प्रदर्शन सोमवारपर्यंत आहे आणि तुझं ऑफिस कुठे पळून जात नाही. दुसऱ्या वेळी तेच चित्र वेगळं दिसेल. पहिल्या दिवशी भडक वाटलेला रंग कशासाठी आहे ते समजेल, किंवा आवडलेलं चित्र पोकळ निघेल. दोन्ही अनुभव सारख्याच किमतीचे आहेत.

मागे तू म्हणाली होतीस, ‘मामा, मला मॉडर्न आर्टमधलं काही कळत नाही.’ इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या मुलीनं हे म्हणावं याचं मला वाईट वाटतं. दोष तुझा नाही. आम्ही चित्रकलेचे मास्तर शाळेत चित्र काढायला शिकवतो, पाहायला शिकवत नाही. वस्तुचित्राला मडकं ठेवलं, की मुलं मडकं आलं का एवढंच बघतात. आपल्या प्रभाकर बरव्यांची चित्रं समोर आली की थांब. पान, पेर, घड्याळ, क्लिप अशा घरातल्याच वस्तू; पण त्या एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, मधली मोकळी जागा कशी ताणून धरली आहे, ते बघ. त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी करत चित्रं काढली. नोकरीवाल्या मुलीला हे ठाऊक असावं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ मराठीतच आहे, मिळालं तर जरूर घे. वासुदेव गायतोंडे यांचं चित्र दिसलं तर मात्र माझी दहा मिनिटं पुरणार नाहीत. नागपुरात जन्मलेला, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस रोलर आणि चाकूनं थरावर थर चढवी आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करी. तिथे वस्तू शोधू नकोस. कुठला थर पुढे येतोय आणि कुठला आत जातोय, तेवढंच बघत राहा.

अशी चित्रं पाहायला जहांगीरजवळच्या चौकातली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत. १९११ सालचा हा कावसजी जहांगीर हॉल, सभा आणि मैफलींचा. १९९६ पासून तिथे आधुनिक कलेचं दालन आहे. नाममात्र तिकीट, सोमवारी बंद. आत मजल्यामागून मजला चढत थेट घुमटाखाली पोचता येतं. इथे मोठ्या चित्रकारांची सिंहावलोकनी प्रदर्शनं लागतात, एका माणसाची चाळीस-पन्नास वर्षं एका जिन्यावर. असं प्रदर्शन लागलं की तीनदा जा, पहिल्यांदा खालून वर आणि पुढच्या वेळी वरून खाली. म्हातारपणचं काम आधी पाहून मग तरुणपणाकडे उतरलं, की त्या माणसानं काय काय टाकून दिलं ते कळतं.

रस्त्याच्या पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कावसजी जहांगीर हॉल बांधणाऱ्या वास्तुकार जॉर्ज विटेटचीच ही इमारत. कोनशिला १९०५ ची, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ साली. तिथल्या लघुचित्रांवर माझा फार जीव आहे. कार्ल खंडालावाला हे वकील. त्यांनी जन्मभर जमवलेला संग्रह इथे आहे. अकबराच्या काळातल्या ‘अन्वार-ए-सुहैली’ या पोथीची पानंही याच संग्रहालयाची. दालनात उजेड मंद वाटेल, तक्रार करू नकोस. कागदावरचे रंग उजेडानं उडतात. ही चित्रं भिंतीसाठी काढलेलीच नव्हती, हातात धरून पाहायची होती. म्हणून काचेला नाक लागेल इतकी जवळ जा. हिंगुळाचा लाल, काजळाची रेघ, झाडाचं एकेक पान. एका वेळी तीन पानं पाहिलीस तर डोळ्याला भरपूर झालं. हे संग्रहालय बाहेरच्या देशांतले संग्रहही मधूनमधून आणतं. ब्रिटिश म्युझियमबरोबर २०१७ मध्ये ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ केलं होतं. तसं काही आलं तर शाळांच्या सहली संपल्यावरची वेळ गाठ.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र सुट्टीच्या दिवसाचं काम. रविवारी जाणार असशील तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या रात्री बघून ठेव. बुधवारी संग्रहालय बंद असतं. राणीच्या बागेच्या दाराशीच आहे. १८७२ ची इमारत, आतला सोनेरी-हिरवा सज्जा डोळे दिपवतो. पेडण्याजवळच्या मांद्र्यात जन्मलेले भाऊ दाजी डॉक्टर होते, पुराणवस्तूंचे अभ्यासकही. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं. तिथल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या पगड्या आणि लुगडी बघ. जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशा आजच्या चित्रकारांनी या जुन्या कपाटांच्या मधोमध आपली कामं मांडली आहेत, आणि नवी प्रदर्शनं तिथे तशीच लागतात. जुनी वस्तू नव्याला प्रश्न विचारते, तो प्रकार मला मुंबईत इतरत्र इतका चांगला दिसलेला नाही. बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. बागेत गेलीस तर खरा ‘काळा घोडा’ही भेटेल, सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्ये चौकातून हलवून इथे आणला.

वर्षाच्या ऋतूंबद्दल थोडंसं. पावसाळ्यात जहांगीर मान्सून शो भरवतं, कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचा. कच्चं काम असतं, धाडसही असतं. हिवाळ्यात जे.जे.चं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन आणि बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन पाठोपाठ येतात. तारखा वर्तमानपत्रात बघत जा. सोसायटी १८८८ ची. अमृता शेरगिलच्या ‘थ्री गर्ल्स’ला १९३७ मध्ये हिचंच सुवर्णपदक मिळालं होतं. यातलं एकच जमणार असेल तर जे.जे.ला जा. १८५७ ची शाळा आहे. तिथली मुलं १८७२ पासून पुढे तेरा वर्षं आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भिंतींपुढे महिनोनमहिने उभी राहून नकला करत. त्यांतल्या पुष्कळ नकला नंतर लंडनमध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. पण भिंतीपुढे उभं राहून ज्यांचा डोळा तयार झाला, त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे आपल्याकडचे अव्वल तैलचित्रकार झाले. मी तुला दहा मिनिटं उभी राहा म्हणतो तेव्हा ही मुलं माझ्या डोळ्यांपुढे असतात.

काळा घोडा महोत्सव फेब्रुवारीच्या आसपास, नऊ दिवस. जत्रा म्हणून एकदा जा, मैत्रिणींना घेऊन जा, कणसं खा. चित्रं पाहायची म्हणून जाऊ नकोस, फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत डोळा कुठेच टिकत नाही. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा भरतो. तिकीट आहे आणि पाय दुखतात, पण देशभरातल्या गॅलऱ्यांची कामं एका छताखाली येतात. तिथे तू दोनच गॅलऱ्या निवडाव्यास असं माझं मत.

एका गोष्टीची भीती मात्र काढून टाक. फोर्टात आणि कुलाब्यात जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर खासगी गॅलऱ्या आहेत. काचेचं दार, आत गारवा, एखादी मुलगी लॅपटॉपवर मान खाली घालून बसलेली. आपल्यासारख्यांना वाटतं, इथे विकत घेणाऱ्यांनीच यायचं. तसं काही नाही. बेल दाब, नमस्कार म्हण, पाहायला आलेय म्हण. पैसे लागत नाहीत, घ्यायलाही कुणी सांगत नाही. केमोल्डपासून सुरुवात कर. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये ती जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली. आता ती फोर्टातच, तुझ्या ऑफिसपासून जवळ आहे. मांडणी कशी केली आहे ते मुद्दाम बघ, दोन चित्रांत किती जागा सोडली आहे. जानेवारीत या सगळ्या गॅलऱ्या मिळून गॅलरी वीकेंड करतात, तेव्हा तर दारं सताड उघडी असतात. एरवी बहुतेक गॅलऱ्या रविवारी बंद. पाटीशेजारी लाल टिकली दिसली तर ते चित्र विकलं गेलं असं समज. टिकली पाहून चित्राबद्दलचं मत मात्र बनवू नकोस.

ताई दिवाळीनंतर तुझ्याकडे राहायला येणार आहे. तिच्या गुडघ्यांना आधुनिक कला संग्रहालयाचे जिने झेपणार नाहीत, तिला जहांगीरलाच ने. तळमजल्यावरची दालनं आहेत. तुझं मत आधी सांगू नकोस, फेरी तिला एकटीला मारू दे. जन्मभर गोधड्या शिवताना तिनं कुठल्या चिंधीशेजारी कुठली चिंधी लावायची हे ठरवलं आहे, तिचा रंगाचा डोळा आपल्या दोघांपेक्षा पक्का आहे. ती कुठल्या चित्रापाशी थांबली, आणि तू कुठल्या, हे मला कळव. पोस्टकार्ड पुरे.

तुझा,
मामा