परपुण्याची संजीवनी

संजीवनी, गामिनी आणि अमर या कबड्डीच्या जुन्या प्रकारांपैकी, बाद झालेल्या गड्याला सहकाऱ्याच्या पराक्रमाने पुन्हा मैदानात आणणारा संजीवनीचा नियमच आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रूढ झाला, आणि ज्याचे कर्म त्यालाच फळ असे मानणाऱ्या मनाला तो थोडा अडचणीत टाकतो. जैन विचाराने अशी देवघेव कसोशीने नाकारली. महायान बौद्धांनी पुण्याचे दान शक्य मानले. आपण श्राद्धाच्या निमित्ताने दोन्हींकडे कौल देतो, हे वेगळे.

भारतीय पुरुष संघाचे दफ्तर याच दृष्टीने चाळण्यासारखे आहे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डी दाखल झाल्यापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके ज्या संघाकडे आली, त्याच संघाला २०१८ मध्ये जाकार्ता येथे इराणने उपांत्य सामन्यात २७-१८ असे नमविले, तेव्हा त्या पराभवाचे ओझे ज्या संचिताने वाढविले ते संचित त्या खेळाडूंनी एकट्याने कमावलेले नव्हते. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे, एका चढाईच्या गुणांवरून तकरार होऊन खेळ बराच वेळ खोळंबल्यानंतर, भारताने इराणवर ३३-२९ अशी मात केली. त्या विजयाने जाकार्ताचा डाग धुतला असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. संजीवनीचा अंमल एका सामन्याच्या चाळीस मिनिटांपुरताच आहे, आणि जाकार्ताचा सामना केव्हाच संपला होता.